उन्हातली हाक

पाटलांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात डबा खात होते. पोलादपूरच्या वर डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले ते पोलीस पाटील. कुणी ऐकू नये अशा बेतानं बोलत होते.

"ताय, तुमची पेटी बंद करायला माणूस पाठवा. कंडक्टरकाका हाका मारतायत."

"म्हणजे वाजली? पाऊस फार आहे का तिकडे?"

"तेच सांगतोय ना. पाऊस नाय. चांगलं ऊन पडलंय. आन् काका ओरडतायत, घरं सोडा म्हणून. बाया पोरांना घेऊन देवळात बसल्यात. मेलेल्या माणसाला असं बोलायला लावायचं म्हंजे काय ते…"   मागून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं.

आमची कंपनी लहानशी. दरडीची सूचना देणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. डोंगराच्या पोटात नळ्या पुरायच्या, त्यांतून जमिनीचा कल मोजायचा, पाऊस मोजायचा आणि धोका दिसला की वाडीतल्या खांबावरच्या कर्ण्यातून लोकांना सावध करायचं. मी मूळची महाडची, म्हणून इकडचं काम नेहमी माझ्याकडे येतं. त्या वाडीत पेटी बसवताना मीच गेले होते. आधी भोंगाच लावायचा विचार होता, पण लोक म्हणाले, भोंगा एमआयडीसीतही वाजतो, लग्नाच्या गाडीलाही असतो, त्यानं कोण उठणार? ओळखीचा आवाज पाहिजे. मग सगळ्यांनी एका माणसाकडे बोट दाखवलं. एसटीत जन्मभर कंडक्टर म्हणून काम करून घरी बसलेले एक काका होते. त्यांचा आवाज खरोखरच डोंगराला लागून परत यायचा.

शाळेच्या पडवीत मी माईक धरला आणि काकांनी एका दमात म्हटलं, "उठा! घरं सोडा, शाळंकडं चला! सामान राहू दे, माणसं घ्या!" मग माझ्याकडे बघून विचारलं, "पुरे काय? का आणखी एक घंटी मारू?" सगळे हसले. त्यांची बायको मागे उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. ते हसणंही रेकॉर्डिंगच्या शेवटी पुसटसं आलं होतं. ते आम्ही कापलं.

उन्हाळा संपता संपता काका गेले. छातीत दुखलं, महाडला नेईपर्यंत वाटेतच. आम्हाला हे कळलं, पण आवाज बदलावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वाडीनंही काही म्हटलं नाही. आणि मग पावसाळ्यात हे सुरू झालं.

पाटलांच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी वाडीत पोचले. पोलादपूरपासून जीपनं वर आणि शेवटचा टप्पा चालत. गवत कमरेएवढं झालं होतं. मी पेटी उघडली, तारा तपासल्या, पाणी कुठं शिरलंय का ते पाहिलं. आतून पेटी कोरडी ठणठणीत होती. नळ्यांचे आकडे नीट येत होते. कर्णा ठीक होता. पाटील माझ्या मागे उभे राहून प्रत्येक स्क्रू निघताना बघत होते.

"कधी कधी बोलतात काका?" मी विचारलं.

"जोराचा पाऊस लागतो तवा एक शब्द नाय. आन् पाऊस उघडला, ऊन पडलं, की मग सुरू. आता लोकं बोलतात, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय."

तेवढ्यात काकू आल्या. काकांच्या बायकोला तिथं सगळेच काकू म्हणतात. त्यांचं घर वाडीत सगळ्यात वरचं, डोंगराला टेकलेलं. त्या येऊन खांबाजवळ बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांचा काय तरास हाय गो तुला? बोलू दे की. मी जाते ना शाळंत, ते बोलतात तवा."

"तुम्ही दर वेळी जाता?"

"मग? हाक मारल्यावर जायला नको?"

पाटलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे खरं आहे. लख्ख उन्हात कर्णा ओरडू लागला की बाकीचे देवळात नाहीतर घरात दडून बसतात. काकू एकट्या दार लावतात, शेळी सोडतात आणि उतरून शाळेच्या पडवीत जाऊन बसतात. आवाज थांबला की आणखी थोडा वेळ बसतात आणि मग घरी. पोरं त्यांना वेडी म्हणायला लागली होती.

मी पेटी बंद केली नाही. पाटील नाराज झाले. पुण्याहून कंपनीच्या सरांनीही फोनवर तेच सांगितलं, खोटी सूचना देणारं यंत्र काही न देणाऱ्यापेक्षा वाईट, बंद करून घेऊन ये. मी दोन दिवस मागून घेतले आणि महाडला आईबाबांकडे गेले. तशीच एक पेटी माझ्या सॅकमध्ये होती.

आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाबा नाते गावच्या शाळेतून निवृत्त झालेत. पुढच्या खोलीत त्यांचा पेपर, मधल्या खोलीत मी. सतरंजीवर पेटी, लॅपटॉप, तारा आणि कलाची नळी मांडून बसले. नळी हातानं वाकवली की पेटीला वाटायचं डोंगर सरकला. मी वाकवली की तत्क्षणी काका बोलायचे. पावसाच्या मापात तांब्यानं पाणी ओतून पाहिलं. तरी काका वेळेवर. अख्खी सकाळ मी त्या मेलेल्या माणसाला ओरडायला लावत होते आणि एकदाही चूक सापडत नव्हती. आईनं शेवटी मधलं दार लोटून घेतलं. म्हणाली, "शेजारी विचारतायत गं, तुमच्याकडे कोण पाहुणे आलेत म्हणून."

चूक इथं का होत नाही, हाच प्रश्न होता. वाडीत काय आहे जे महाडात नाही? मी फोन उचलला, पाटलांना लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. वर पाऊस सुरू झाला असणार. तिथं जोराचा पाऊस झाला की रेंज जाते. महाडात रेंज भरपूर.

स्वयंपाकघरात आईचं तांदळाचं पत्र्याचं पिंप होतं. मी तांदूळ चादरीवर ओतायला लागले तशी ती धावत आली. "अगं, काय चाललंय?" मी म्हटलं, "डोंगर बनवतेय." आधी माझा फोन पिंपात ठेवून, झाकण लावून बाबांच्या फोनवरून लावून पाहिला. बंद. मग पेटी आत ठेवली, कलाची नळी तेवढी तारेनं बाहेर काढली आणि झाकणावर वरवंटा ठेवला. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग नळी वाकवली.

काही नाही.

आणखी वाकवली. डोंगर कोसळावा इतकी वाकवून धरली. पिंप गप्प. आई भाजी चिरता चिरता थांबून माझ्याकडे बघत होती.  इतका वेळ तो आवाज नकोसा झाला होता आणि आता तो येत नाही म्हणून मला भीती वाटत होती. बाहेर रिक्षा जात होत्या, शाळा सुटली होती, आणि मी पिंपाला कान लावून बसले होते.

मी नळी सरळ केली. वरवंटा उचलला, झाकण काढलं. आत हिरवा दिवा लुकलुकायला लागला, रेंज आली. दोन श्वासांनंतर पिंपाच्या पोटातून, काकांच्या मूळ आवाजापेक्षा खोल अशी हाक उठली आणि घर दणाणून गेलं. "उठा! घरं सोडा!"

बाबा पुढच्या खोलीतून पेपर हातात धरून आले. "कोण आहे?"



त्यामागचं कारण त्या संध्याकाळी सापडलं. त्या पेटीत एकच छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला एका वेळी एकच काम करता येतं. कामं मात्र चार. लोकांना हाक मारणं, कल वाचणं, माहिती मोबाइलच्या रेंजवरून पुण्याला आणि तालुक्याला पाठवणं आणि तीच माहिती मेमरी कार्डावर लिहून ठेवणं. कुणी आधी, कुणी नंतर हे ठरवणाऱ्या भागाला शेड्यूलर म्हणतात. आम्ही प्रत्येक कामाला अग्रक्रम दिला होता आणि हाक सगळ्यात वर होती. वरचं काम आलं की खालच्यानं आपलं काम थांबवून बाजूला व्हायचं, असा नियम. कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पण काकांचा आवाज त्याच कार्डावर साठवलेला होता. कार्ड एका वेळी एकालाच वापरता येतं. ज्यानं घेतलं त्यानं परत ठेवेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. पावसात रेंज गेली की माहिती पाठवणारं काम वेड्यासारखं पुन्हा पुन्हा जोडणी मागत राहायचं, क्षणभरही विसावा न घेता. ते होतं मधल्या क्रमांकाचं. सगळ्यात खालचं, लिहिण्याचं काम कार्ड हातात घेऊन अर्धी ओळ लिहून झालेलं असताना या मधल्यानं त्याला बाजूला सारलं की ते तिथंच थिजायचं, कार्ड हातात धरून. मग डोंगर सरकायचा. हाक उठायची, कार्ड मागायची. कार्ड खालच्याकडे, आणि खालच्याला मधला हलू देत नाही. हाकेच्या आणि मधल्याच्या कामाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी सगळ्यात तातडीचं काम त्याच्यापायी तासन् तास उभं राहायचं. पाऊस उघडला, रेंज आली, मधला शांत झाला की खालचा आपली अर्धी ओळ पुरी करून कार्ड सोडायचा. तेव्हा कुठं काका बोलायचे. उन्हात.

पुण्याच्या पडद्यावर आम्हाला दिसायची ती सूचना पोचल्याची वेळ, डोंगर सरकल्याची नाही. म्हणून आम्हीही ती खोटीच धरली होती.

हे कळल्यावर मला आधी आनंद झाला, तसा प्रत्येक दोष सापडल्यावर होतो. आईला सांगायला उठलेसुद्धा. मधल्या दारात पोचेपर्यंत दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि मी तिथंच चौकट धरून उभी राहिले. काका जितक्या वेळा उन्हात ओरडले होते, तितक्या वेळा आधीच्या पावसात डोंगर खरंच सरकला होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, हाकेचा अग्रक्रम वाढव. मी म्हटलं, तिच्या वर आता कुणीच नाही. मग लिहिण्याच्या कामाला मधल्याच्या वर नेऊन पाहिलं, तर आता पाठवणं रखडायला लागलं. तालुक्याला जाणारा संदेशच जाईना. तो मार्ग सोडला. शेवटी नियमच बदलला. वरचं काम एखाद्याच्या हातातल्या वस्तूसाठी थांबलं असेल, तर ती वस्तू सोडेपर्यंत त्या खालच्यालाही वरच्याचाच मान द्यायचा, मधल्या कुणी त्याला अडवायचं नाही. शिवाय मधल्या कामाला दोन प्रयत्नांच्या मध्ये विसावा घ्यायला लावला. पेटी पुन्हा पिंपात ठेवली, वरवंटा ठेवला, नळी वाकवली. काका तत्काळ बोलले. पुन्हा वाकवली, पुन्हा बोलले. आई म्हणाली, "आता तरी माझे तांदूळ भरू?"

सकाळी पहिल्या गाडीनं वर गेले. पाटलांना म्हटलं, पेटीचं नंतर, आधी मला नळ्यांच्या वर घेऊन चला. ते कुरकुरत निघाले. काकूंच्या घरामागून पायवाट वरच्या वरकस, म्हणजे नाचणी-वरीच्या उतारावरच्या जमिनीकडे जाते. गवतात काही दिसत नव्हतं. पाटील हातातल्या काठीनं गवत बाजूला करत पुढे चालले होते आणि अचानक त्यांची काठी खाली गेली. मूठ जमिनीला टेकेपर्यंत गेली.

दोघांनी मिळून गवत उपटलं. भेग होती. वाकडी, डोंगराला आडवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्हाला दिसली तेवढी. कडा ताज्या, लाल. आतून गार वारा येत होता.

पाटील खाली बसले. म्हणाले, "म्हंजे म्हातारा खोटं नव्हता बोलत."

"नाही."

"आन् आम्ही देवळात जाऊन नारळ फोडत होतो, त्यानं गप बसावं म्हणून."

त्याच दिवशी त्यांनी तालुक्याला कळवलं. साहेब येऊन भेग बघून गेले, पाऊस वाढला तर शाळेत राहायला जा म्हणून सांगून गेले. लोक हो म्हणाले, पण गुरंढोरं, चुली, गणपती तोंडावर आलेला. राहायला कुणी गेलं नाही.

मी पेटीत नवा प्रोग्रॅम भरत होते तेव्हा काकू पुन्हा खांबाजवळ येऊन बसल्या.

"बंद करतीस काय?"

"नाही काकू. वेळेवर बोलतील आता. पावसातच."

"मग उन्हात नाय बोलणार?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या कर्ण्याकडे बघत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून म्हटलं, "आता भरून झालं की एकदा वाजवून बघायचंच आहे. तुम्ही म्हणाल तर दोनदा वाजवते."

"नको गो," त्या म्हणाल्या. "काम नसताना त्यांना वरडायला लावू नको. जन्मभर वरडलेच ते." मग उठून घरी गेल्या. मी कर्ण्याची तार काढून, कानाला इयरफोन लावून चाचणी घेतली. वाडीत कुणाला ऐकू आलं नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पाऊस लागला तो उघडेचना. सावित्री नदी फुगली, दासगावकडे रस्त्यावर पाणी आलं, महाडात बाबांनी पुस्तकं माळ्यावर चढवली. वाडीचा फोन बंद. पुण्यात माझ्या पडद्यावर त्या वाडीसमोर फक्त एक करडा ठिपका होता, म्हणजे रेंज नाही, काहीच माहीत नाही. मी सकाळपासून त्या ठिपक्यासमोर बसले होते. पिंपात पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं ते सगळं आठवत होते आणि त्यातल्या कशावरही विश्वास बसत नव्हता. कुणी बोलायला आलं की मी दचकत होते.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा फोन आला. बसक्या आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. दुपारच्या जेवणाआधी, पाऊस असा की समोरचं घर दिसेना, आणि काका बोलले. भर पावसात ते पहिल्यांदाच बोलले. सगळे क्षणभर जागच्या जागी थिजले. मग वरच्या अंगानं काकू उतरताना दिसल्या, शेळीची दोरी हातात, प्रत्येक दारावर थापा मारत. "आता आयकता काय त्यांचं? आता तरी आयका!" सगळे त्यांच्या मागं निघाले. म्हातारी माणसं पाठीवर घेतली. शाळेत पोचल्यावर डोकी मोजली, सगळी होती.

"मग?"

"मग काय नाय. आम्ही शाळंत आन् काका तिकडं वरडतायत. बंद करायला कोण जाणार? वरडत होते, वरडत होते. पोरं रडायला लागली. काकू तेवढ्या गप. मग वरनं आवाज आला, विमानासारखा. आन् काकांचा आवाज मधीच तुटला. 'माणसं' बोलले, आन् तुटला."

वरची घरं गेली होती. काकूंचं घर, गोठे, खांब, आमची पेटी, सगळं चिखलाखाली. माणूस एकही गेला नाही. मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. सर पाठीवर थाप मारून गेले. मला सारखं वाटत होतं की तो आवाज तुटला तिथून पुढचा एक शब्द कुठंतरी अजून थांबला असेल.

वाडी आता रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये राहते. पुढच्या उन्हाळ्यात तिथं नवी पेटी बसवायला गेले. काकांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, पण पाटील म्हणाले, तो आवाज आता नको, रात्री झोपेत अजून ऐकू येतो लोकांना. दुसऱ्या कुणाचा तरी घ्या. मी माईक काढला. पाटलांनी खाकरून घसा साफ केला, माईक हातात घेतला आणि परत दिला. एका तरुणानं नकार दिला, मग दुसऱ्यानं. कुणी कारण सांगत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. आपण गेल्यावर आवाज त्या पेटीत मागं राहावा, असं कुणालाच नको होतं.

"आण इकडं," काकू म्हणाल्या. तांदूळ निवडत बसल्या होत्या, हात पदराला पुसले. "काय बोलायचं?"

"तुम्हाला सुचेल ते. लोक उठले पाहिजेत."

त्यांनी माईक तोंडाच्या फार जवळ धरला. मी थोडा लांब केला. मग बारीक पण खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "उठा रे! उठा गो! दरड येतेय. पोरं उचला, म्हातारी उचला, आन् चला माज्या मागनं." थांबल्या आणि मला विचारलं, "त्या टोकाच्या शेडपर्यंत जाईल काय?"

"जाईल."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. पाटील म्हणाले, "काकू, आता मेल्यावरबी सुट्टी नाय तुमाला." त्यावर सगळे हसले. काकूही हसल्या. माईक चालूच राहिला होता, आणि या वेळी मी ते हसणं कापलं नाही.